क्रूझर सायकलवरून रोजची ये-जा: गियर किती ठेवावेत, चाकं कोणती घ्यावीत?

बिनघाई

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक क्रूझर आहे. तीच ती, लांबलचक वळणदार फ्रेम, मागे ओढलेलं रुंद हँडल, गादीसारखं सीट आणि २६ बाय २.१२५ चे गुबगुबीत टायर. गियर नाहीत. मागे कोस्टर ब्रेक, म्हणजे उलटं पायडल मारलं की थांबते. पुढे ब्रेकच नाही. सुटीच्या दिवशी रमतगमत फिरायला घेतली होती, पण गेला महिनाभर तिच्यावरून कामाला जातोय. ९ किलोमीटर जायचं, ९ यायचं.

सपाटीवर राजेशाही थाट असतो. मात्र वाटेत एक उड्डाणपूल लागतो आणि तो उतरतो न उतरतो तोच सातशे मीटरचा चढ सुरू होतो. तिथे मी रोज उतरून ढकलतो. परवा एक शाळकरी मुलगी छोट्या गियरवाल्या सायकलवरून टुकूटुकू पायडल मारत शेजारून पुढे गेली, वर जाताना घंटी वाजवून गेली. म्हणून हा धागा.

माहिती: पुढे ४४ दाते, मागे १८ (दोनदा मोजले). क्रँक एकसंध, एकाच सळीला वाकवून केलेली. रिम लोखंडी, चकचकीत, ३६ आऱ्यांची. फ्रेमही लोखंडी. माझं, सायकलचं आणि बॅगेचं वजन मिळून १०० किलोच्या आसपास जातं. एक जण म्हणाला २१ गियर बसवून टाक. दुसरा म्हणाला गियर राहू दे, चाकंच ७००सी (रस्त्यावरच्या सायकलींचं मोठं, बारीक टायरचं माप) कर, आपोआप पळेल. मला दोन्ही पटत नाहीये, पण का पटत नाही तेही सांगता येत नाहीये.

वेगोवेग

७००सी ला माझं मत. जाड टायर म्हणजे ब्रेक दाबून सायकल चालवल्यासारखं. बारीक टायर, जास्त हवा, विषय संपला.

चकतीवाला

विषय आता सुरू होतोय :)

बिनघाई, आधी तुझ्या चढाचा हिशोब मांडू, खरेदीचं नंतर. पुढचे दाते भागिले मागचे, म्हणजे ४४ भागिले १८, येतात २.४४. त्याला चाकाच्या व्यासाने, २६ ने गुणलं की साधारण ६४. याला गियर इंच म्हणतात. पूर्वी पुढे भलंमोठं चाक असलेल्या सायकलींना चेनच नसायची, पायडल थेट चाकाला. चाक जेवढं मोठं तेवढा गियर जड. तुझी सायकल आज ६४ इंच व्यासाच्या तशा चाकासारखी चालते, एवढाच त्याचा अर्थ.

६४ इंचाला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५ मीटरच्या किंचित पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारलेस तर ताशी १८ चा वेग. सपाटीवर छानच. आता चढावर ये. तिथे ताशी ८ ने चाललास असं धरू. म्हणजे मिनिटाला १३३ मीटर. त्याला ५ ने भाग. पायडलचे फेरे किती आले? मिनिटाला २६! हे एकेका पायरीने जिना चढणं नाही, तीन-तीन पायऱ्या एकदम चढणं आहे.

आणि गंमत म्हणजे तुझ्यात ताकद कमी नाहीये. १०० किलो वजन, समजा ६ टक्क्यांचा चढ, ताशी ८. नुसतं वर चढवायला १३० वॅट, टायरच्या घर्षणाचे अजून १५-२०. दीडशे वॅट एखादा धडधाकट माणूस पाच मिनिटं देऊ शकतो. पण तेच दीडशे वॅट २६ फेऱ्यांत द्यायचे की ६० फेऱ्यांत, यावर तुझे गुडघे शिव्या देणार की नाही ते ठरतं. त्या मुलीने तेच काम बारीक बारीक तुकडे करून केलं.

दुसऱ्या सायकलवर असतास तर उभा राहून पायडल मारून निभावलं असतं. क्रूझरवर तेही जमत नाही. हँडल मागे ओढलेलं, उभं राहिलं की गुडघ्यांना लागतं. बऱ्याच क्रूझरमध्ये पायडल सीटच्या जरा पुढेच असतात, त्यामुळे शरीराचं वजन पायडलवर टाकताच येत नाही. जे काही करायचं ते बसूनच. म्हणून साध्या सायकलला जेवढा हलका गियर पुरतो त्याहून हलका क्रूझरला लागतो. आणि विकणारे नेमकं उलटं करतात, दिसायला दणकट म्हणून गियरही दणकट.

वरच्या टोकाचं म्हणशील तर ते विसर. ताठ बसून छाती वाऱ्याला देऊन तू जातोस. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी ताकद घनाने. ताशी २५ च्या वर क्रूझरवर पायडल मारत राहणं हा हट्ट आहे. उतारावर पाय थांबव आणि बस. तेव्हा माझा नियम असा: सगळ्यात वाईट चढ, पाठीवर पूर्ण ओझं, दिवसअखेरचे दमलेले पाय, यांना झेपेल तो खालचा गियर आधी ठरवायचा. वरचा जो उरेल तो उरेल.

मुक्तचाक

+१. माझ्याकडे जुनी २१ गियरवाली आहे, त्यातले मी चार वापरतो. बाकीचे सतरा बरोबर फिरायला येतात.

वेगोवेग

चकतीवाला, हिशोब मान्य. पण चाक बदलल्यावर हाच हिशोब बदलेल ना?

चकतीवाला

बदलेल, पण उलट्या दिशेने. ७०० बाय ३८ चा बाहेरचा व्यास साधारण ६९८ मिलिमीटर, त्याच्या २.१२५ चा ६६७. मोठं चाक म्हणजे गियर साडेचार टक्के *जड*. ज्याला चढ झेपत नाही त्याला आपण अजून जड गियर देतोय. बाकी चाकांचं निपलपाना सांगेल, तो वाचत असतोच.

निपलपाना

वाचतोय. हात ग्रीसने भरलेत म्हणून उशीर.

वेगोवेग, जाड टायर जड चालतात हे अर्धं खरं. *एकाच दाबाला* जाड टायर बारीकपेक्षा हलका चालतो, कारण जमिनीला टेकलेला भाग आखूड आणि रुंद होतो, टायरची भिंत कमी दुमडते. क्रूझरचे टायर जड चालतात ते बहुधा दोन कारणांनी. एकतर रबर आणि आतलं कापड जाडंभरडं असतं, टायर घडी केला तर होत नाही. दुसरं म्हणजे कुणी हवाच भरत नाही. २.१२५ ला ३० ते ४५ पीएसआय हवेत. अंगठ्याने दाबून "आहे की" म्हणणाऱ्यांच्या चाकात मी १५ बघितलेत. बिनघाई, आधी गेजने मोज. टायरच्या बाजूला किती ते छापलेलं असतं, त्या मर्यादेत राहा.

मग वाटलंच तर टायर बदल, चाक नको. त्याच मापात मऊ भिंतीचे, गुळगुळीत नक्षीचे टायर मिळतात. श्वाल्बेचा बिग ॲपल याच कल्पनेवर काढलेला आहे, रुंद टायर, २ बारच्या (साधारण २९ पीएसआय) आसपास हवा, स्प्रिंगचं काम टायरनेच करायचं. ताठ बसणाऱ्याचं जवळजवळ सगळं वजन सीटवर आणि मागच्या चाकावर येतं. हातावर येत नाही, पायावर येत नाही. खड्डा बसला की थेट मणक्यात. तिथे बारीक टायर घालून काय साधणार?

अगदीच हलकं हवं तर १.५ पर्यंत उतरू शकतोस. व्यास कमी होतो म्हणून गियर चारेक टक्के हलका होईल (मागचा एखादा दाता वाढवल्यासारखं, फार काही नाही), पण सगळी सायकल १४ मिलिमीटरने खाली बसेल. वळणावर पायडल घासतं का बघायचं.

आता मापाची गोष्ट, कारण इथे मी स्वतः नाक कापून घेतलंय. "२६" हे माप नाही, ते आडनाव आहे. त्या आडनावाची चार-पाच घरं आहेत आणि एकमेकांकडे जाणं-येणं नाही. क्रूझर आणि जुन्या माउंटन बाइकची रिम ५५९ मिलिमीटरची. जुन्या तीन गियरवाल्या विलायती सायकलींचा २६ बाय १ ३/८ हा टायर बसतो ५९० च्या रिमवर. दोन्हीवर लिहिलेलं असतं २६! मी शिकाऊ असताना एकाच्या क्रूझरवर १ ३/८ चा टायर चढवला. हाताने सर्रकन चढला, टायरलिव्हर लागलं नाही, मला वाटलं काय हात बसलाय आपला. पंपाच्या पाचव्या दाबाला टायर रिमवरून उडी मारून बाहेर आणि ट्यूब फटकन. दुकानातल्या सगळ्यांनी मागे वळून बघितलं. ३१ मिलिमीटरचा फरक होता व्यासात. तेव्हापासून मी फक्त बारीक अक्षरात छापलेला आकडा वाचतो. ५४-५५९ असं दिसलं तर पहिला रुंदी, दुसरा रिमचा व्यास. अपूर्णांकवाला २६ बाय १ ३/४ आणि दशांशवाला २६ बाय १.७५ गणितात सारखे, सायकलवर नाहीत.

लोखंडी रिमबद्दल नंतर लिहितो, ब्रेकचा प्रश्न निघाला की.

रिमझिम

मग काढतेच मी. पुढे ब्रेकच नाही?! रोज रहदारीत? गियरचं राहू द्या, आधी तो बसवा.

जुनाखोड

रिमझिमताई बरोबर बोलल्या. कोस्टरची सगळी मदार चेनवर. चेन उतरली की गियरही गेला आणि ब्रेकही. शिवाय लांब उतारावर तो हब (चाकाचा मधला भाग, कोस्टर त्याच्याच पोटात असतो) तापतो. कॅलिफोर्नियात १९७६ साली काही टवाळ पोरं अशाच जुन्या क्रूझर घेऊन डोंगरावरून शर्यती लावायची. खाली पोचेपर्यंत हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा, दर वेळी हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं. त्या शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक'. माउंटन बाइक त्यातून निघाली. उड्डाणपुलावरून उतरताना एवढं काही होणार नाही, पण दुसरा ब्रेक हवाच.

आणि एक बघा बिनघाई. मागच्या हबपासून एक पट्टी निघून फ्रेमच्या खालच्या नळीला क्लिपने बांधलेली असते. तो स्क्रू घट्ट आहे ना? ब्रेक लागतो तेव्हा सगळा जोर त्या पट्टीवर येतो. ती सुटली तर एक्सलच फिरतो.

निपलपाना

हां, आता लोखंडी रिम. क्रोम केलेल्या गुळगुळीत लोखंडावर कोरड्यात रबरी ब्रेक कसाबसा धरतो, ओल्यात जवळजवळ धरतच नाही. चाकाला दोन-चार फेरे मारून पाणी पुसलं जाईपर्यंत तुम्ही चौक ओलांडलेला असतो. म्हणून पुढचं चाक तरी ॲल्युमिनियमच्या रिमचं, दुहेरी भिंतीचं करा आणि त्यावर व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारा), पुढचं चाक धरणाऱ्या काट्याला त्याचे खुंट असतील तर. नसतील तर पुढे ड्रम ब्रेकचा हब घालून चाक विणायचं. ड्रम बंद डब्यात असतो, पाऊस असो चिखल असो, त्याला फरक पडत नाही. स्टर्मी-आर्चरचे ७० आणि ९० मिलिमीटरचे येतात, तुमच्या वजनाला ९० चा बघा. मात्र ड्रमलाही तशीच पट्टी असते आणि काटा दणकट हवा.

बिनघाई

बापरे. पट्टीचा स्क्रू बघितला. बोटाने फिरला!! घट्ट केला. हवा मोजली, मागे १८, पुढे २२. दोन्हीकडे ४० केली. आज सकाळी सायकल कुणी बदलून ठेवली की काय असं वाटलं.

पुढचा ब्रेक या आठवड्यात (काट्याला खुंट आहेत!). आता गियरचं सांगा. २१ नको हे कळलं.

चकतीवाला

डिरेलरबद्दल (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारी यंत्रणा, २१ गियरवाल्यांना असते ती) एकच, म्हणजे पुढे कुणी भरीला पाडायला नको. कोस्टर ब्रेक आणि डिरेलर एकत्र नांदत नाहीत. डिरेलरमध्ये चेनचा खालचा पदर सैल असतो, स्प्रिंगने ताणलेला. उलटं पायडल मारलं की ब्रेक लागायच्या आधी ती स्प्रिंगच ओढली जाणार. म्हणजे कोस्टर काढा, मागे वेगळा ब्रेक लावा, फ्रेमला डिरेलर टांगायला कान नसेल तर जोडपट्टी लावा. क्रूझरचा साधेपणा सगळा गेला.

तुला हवेत हबच्या पोटातले गियर. तीन, सात, आठ. तिन्ही कोस्टरसकट मिळतात. शिमानोच्या नेक्सस तीन-गियर हबमध्ये पहिला ०.७३३, दुसरा सरळ १, तिसरा १.३६४. नेक्सस सातमध्ये ०.६३२ पासून १.५४५ पर्यंत. आठमध्ये ०.५२७ पासून १.६१५.

आता सापळा बघ. तुझ्या ४४-१८ वरच तीन-गियर हब बसवला तर काय मिळेल? ४७, ६४ आणि ८७ इंच. ८७ इंच ताठ बसून कोण मारणार? तो गियर आयुष्यभर पडून राहणार आणि चढाला ४७ हा काही हलका नाही. मागे १८ ऐवजी २२ दात्यांची चकती घाल. ३८, ५२, ७१. तिन्ही कामाचे. चढावर ताशी ८ ला ४४ फेरे. सात-गियरचा हब त्याच २२ वर ३३ पासून ८० इंचापर्यंत जातो, चढाला ५१ फेरे.

जुनाखोड

यात भर घालतो. जुन्या तीन-गियर सायकली कारखान्यातूनच फार जड गियरच्या यायच्या. शेल्डन ब्राउन आपल्या सायकलच्या संकेतस्थळावर हेच सांगून गेले, मागची चकती मोठी करा, तिसरा गियर वापरात येतो. माझ्या स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू या तीन-गियर हबचा हिशोब आणखी सोपा, पाऊण, एक आणि एक पूर्णांक एक तृतीयांश. हबच्या अंगावर साल कोरलेलं आहे, ६७. अजून चालतोय. दर महिन्याला तेलाचे चार थेंब, बाकी मी त्याला काही विचारत नाही, तो मला काही विचारत नाही.

मुक्तचाक

मग थेट आठच घ्यावा की. एकदाच काय तो खर्च.

निपलपाना

आधी फ्रेमच्या मागच्या दोन पायांमधलं अंतर मोजा रे. एकेरी कोस्टरचं बहुधा ११०. तीन-गियरचा हब १२० च्या आसपास, सात-आठचे १२७ ते १३२. लोखंडी फ्रेम थोडी फाकवता येते, १० मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, एकेका बाजूला पाच. पण वीसेक फाकवायची तर जाणत्याकडूनच, आणि नंतर दोन्ही टोकं समांतर आहेत की नाही ते तपासून. नाहीतर एक्सल वाकतो. ॲल्युमिनियमची असती तर हात जोडले असते.

चकतीवाला

आणि मुक्तचाक, एकच चढ, तोही सातशे मीटरचा. तीनचे ४४ फेरे आणि सातचे ५१ फेरे यात केवढासा फरक. रोज तीन टेकड्या असत्या तर मीच आठ म्हटलं असतं.

बिनघाई, घाई नसेल (नावातच नाहीये!) तर एक कर. आधी फक्त २२ ची चकती आण. बहुतेक कोस्टर हबला तीन खाचांची, तारेच्या कडीने अडकवलेली चकती असते आणि गियरच्या हबलाही तीच चालते. म्हणजे पुढे हब घेतलास तरी ती वाया जात नाही. जुनी कडी काढताना डोळे सांभाळ, टणकन उडते. चकत्या काही सपाट असतात, काही बशीसारख्या. चेन पुढच्या दात्यांच्या सरळ रेषेत येईल अशी बघ.

बिनघाई

दोन आठवड्यांनी परत आलोय.

कडी टणकन उडाली आणि कपाटाखाली गेली. २२ ची चकती बसली. चेनमध्ये काही वाढवलं नाही, चाक पुढे सरकवलं, १२ मिलिमीटर बरोबर. खाचेत तेवढीच जागा होती. मडगार्ड आता टायरला जरा चिकटून आहे. जमिनीवर खडूने रेघ मारून, सायकलवर बसून पायडलचा एक पूर्ण फेरा मारला आणि टेपने मोजलं: ४ मीटर १० सेंटिमीटर. कागदावर ४ मीटर १५ येत होते. बसल्यावर टायर दबतो तो पाच सेंटिमीटर खातो असं दिसतं. मला हे बघून विनाकारण आनंद झाला.

सपाटीवर जरा भरभर पाय मारावे लागतात, त्याची सवय झाली. चढ: पाचशे मीटर बसून जातो, शेवटच्या दोनशेला अजून उतरतो. तीन-गियर कोस्टर हब मागवलाय. फ्रेम मोजली, ११२ भरली. चाक कसं करू? आहे त्या रिमवर विणता येईल?

निपलपाना

हब ३६ भोकांचा आहे ना? मग येईल. ब्रेक हबमध्येच आहे, म्हणून मागे लोखंडी रिम राहिली तरी ओल्यात अडत नाही. पण मनापासून विचारशील तर मागेही ॲल्युमिनियमची दुहेरी भिंतीची घाल. सगळं वजन मागच्या चाकावर, आणि एकेरी भिंतीची लोखंडी रिम एकदा दबली की आउट काढून काढून थकशील.

जुने आरे वापरू नकोस. गियरच्या हबची कड मोठी असते, आऱ्याची लांबी कमी लागते. लांबी रिम आणि हब हातात घेऊन मोज, अंदाजाने नको. साधे २ मिलिमीटरचे स्टेनलेस, प्रत्येक आरा तिघांना ओलांडून. डिरेलरच्या चाकात उजवीकडचे आरे ताठ आणि डावीकडचे ढिले असतात, कारण फ्रीव्हीलला जागा द्यायला हब एका बाजूला ढकललेला असतो. तुझ्या हबमध्ये दोन्हीकडचा ताण जवळपास सारखा येईल. हे चाक टिकतं, त्यातलं निम्मं श्रेय त्या सारखेपणाला.

विणून झालं की एका बाजूचे सगळे आरे नखाने छेड. सूर साधारण सारखा यायला हवा. एखादा भसाडा वाजला की तोच ढिला. मग आऱ्यांच्या जोड्या हाताने करकचून दाब, कुटकुट आवाज येईल, ते पिळलेले आरे जागेवर बसतायत. पुन्हा आउट काढ. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघ.

रिमझिम

नखाने छेडून बघितलं माझ्या चाकाचं. चारपाच सूर निघाले. आता झोप लागायची नाही.

बिनघाई

झालं! तीन संध्याकाळी गेल्या, एकदा सगळं उलगडून पुन्हा विणलं (डावी-उजवी बाजू चुकली होती), पण चाक तयार आहे. नवी रिम, नवे आरे, तीन गियर, मागे २२ चीच चकती. चढ पहिल्या गियरमध्ये बसून, न उतरता, पूर्ण. वर पोचल्यावर बोलता येत होतं. तिसरा गियर उड्डाणपुलाच्या उतारालाच लागतो.

एकच अडचण. दुसऱ्या गियरमध्ये हबमधून टिकटिक येते आणि जोर दिला की मधेच पाय क्षणभर रिकामा फिरतो. हब बिघडला का?

जुनाखोड

नाही. नवी केबल ताणली गेली असणार, असल्या हबला ते चालत नाही. पण तोवर जोराने पायडल मारू नका, आतली दाती झिजतात. गियर दुसऱ्यावर टाका. हबच्या टोकाला केबल जिथे येते तिथे छोट्या खिडकीत पिवळी खूण दिसेल. ती दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये येईपर्यंत केबलचा स्क्रू फिरवा. मग पहिल्यावर टाका, परत दुसऱ्यावर आणा, पुन्हा बघा.

बिनघाई

खूण रेघेच्या बाहेर होती. अडीच आटे फिरवले. टिकटिक बंद.